डॅग

मेंढीच्या शेपटीखालच्या लोकरीत लेंड्या अडकतात, उन्हात वाळून कडक होतात, आणि मेंढी पळाली की एकमेकींवर आपटून खुळखुळ वाजतात. त्या गोळ्यांना आमच्याकडे डॅग म्हणतात. आणि ज्याच्यावर आपला जीव असतो, जो जरा येडपट, जरा गबाळा पण मनाने सरळ असतो, त्यालाही डॅगच म्हणतात. आमच्या भागातल्या माणसांना माया तोंडाने बोलून दाखवायची लाज वाटते. म्हणून ती आम्ही मेंढीच्या मागच्या बाजूने दाखवतो.

डेस क्विल्टी आपल्या मुलीला ती तीन दिवसांची असल्यापासून डॅग म्हणत होता. मुलीचं खरं नाव मार्नी. ते तिची आई रोवीना रागावली की वापरायची.

त्या वर्षी जानेवारीत पाऊस हटेना. आमच्याकडे पाऊस पडला नाही तर गवत जातं, आणि पडला तर माशी येते. हिरवी, चकचकीत, दागिन्यासारखी माशी. ओल्या लोकरीत अंडी घालते. दुसऱ्या दिवशी अळ्या होतात, आणि आठवड्याच्या आत उभ्या मेंढीला जिवंतपणी खाऊन टाकतात. वरून लोकर जशीच्या तशी. त्यामुळे शाळा सुरू व्हायच्या आधी सगळ्या मेंढ्यांची बुडं कातरून मोकळी करायची होती, आणि डेसकडे हाताखाली माणूस एकच होता. तो तेरा वर्षांचा होता आणि दोन वेण्या घालत होता.

"ती बघ," डेस कुंपणापाशी उभा राहून म्हणायचा. "कोणती सांग."

मार्नी डोळे बारीक करून कळपाकडे बघायची. "ती कडेची. एकटी उभी आहे ती."

"आणखी?"

"मान खाली आहे. पाय आपटतेय."

"शाब्बास. ओरडेल का ती?"

"नाही."

"मेंढी ओरडत नाही. तिला माशी लागली की ती कळपातून बाजूला होते, बस्स. ज्याला डोळे आहेत त्याने बघायचं."

मग ती मेंढी शेडमध्ये यायची. डेस तिला गुडघ्यांत धरायचा आणि मार्नी कातरयंत्र चालवायची. "दिसतात तेवढ्याच अळ्यांपाशी थांबू नकोस. स्वच्छ कातडी लागेपर्यंत कापत जा. वारा लागला पाहिजे." मार्नी कापत जायची. वास असा यायचा की डेसचं कुत्रं उठून बाहेर जायचं.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी डेसने तिचा फोटो काढला. मेंढी उलटी, मार्नी तिच्यावर वाकलेली, गालावर शेण, दात बाहेर. आमच्या पंचक्रोशीतल्या मेंढपाळांचं इंटरनेटवर एक पान आहे. त्यावर पाण्याचे पंप, हरवलेली कुत्री आणि हवामानखात्याला शिव्या एवढंच असतं. तिथे त्याने तो टाकला आणि खाली लिहिलं: 'आमची डॅग. दिवसाला साठ.' एकाहत्तर लोकांनी अंगठे दाखवले. डेस दोन दिवस शीळ घालत हिंडत होता.

*

शाळा पन्नास किलोमीटरवर. बस सकाळी सव्वासातला फाटकापाशी यायची आणि दुपारी चार वीसला परत सोडायची. पहिल्या आठवड्यातच रोवीनाच्या लक्षात आलं की सँडविचचा डबा भरलेलाच परत येतोय. दुसऱ्या आठवड्यात न्हाणीघरातलं पाणी वाहायचं थांबेना.

"टाकी भरलीये म्हणून तिला मजा वाटतेय," डेस म्हणाला.

 रोवीना न्हाणीच्या दाराबाहेर टॉवेलांची घडी घालत बसली. टॉवेल चारच होते. ती ते पुन्हा उलगडून पुन्हा घडी घालत होती.

"मार्नी, बोल काहीतरी."

"काय बोलू, मम?"

"काहीही. आवाज येऊ दे."

आतून पाण्याचा आवाज तेवढा आला. मार्नी बाहेर आली तेव्हा तिची मान आणि हात लालभडक झाले होते. शेडमधला बादल्या घासायचा ब्रश तिच्या हातात होता.

"अगं, हे काय केलंस?"

"मम, माझ्या अंगाला वास येतो का?"

"कसला?"

"येतो का सांग."

रोवीनाने तिचे केस हुंगले. निलगिरीच्या साबणाशिवाय कसलाच वास नव्हता. "नाही गं राणी."

"तुला नाही यायचा," मार्नी म्हणाली. "तू इथेच राहतेस."

रात्री जेवताना मार्नीने सांगितलं की तिला यापुढे शेडमध्ये यायचं नाही.

"का? महाराणीच्या पोटी आलीस काय?" डेसने बटाटा कुस्करत विचारलं. "अजून चारशे मेंढ्या आहेत. माझी पाठ बघ."

"येईन," मार्नी म्हणाली. "पण हातमोजे हवेत. आणि डोक्याला टोपी."

"लग्नाला चाललीयेस?"

तो एकटाच हसला. रोवीना मुलीच्या ताटाकडे बघत होती. मार्नीने मटणाच्या चॉपचे बारीक बारीक तुकडे केले होते, आणि ते सगळे ताटात तसेच होते.  कशाची भीती वाटतेय हे रोवीनाला सांगता येईना, म्हणून ती उठली आणि भांडी घासायला लागली.

*

दुसऱ्या दिवशी, म्हणजे रविवारी, मार्नीचा फोन स्वयंपाकघराच्या टेबलावर राहिला होता. ती कपडे वाळत घालत होती. फोन गुरगुरला. दुसऱ्याचा फोन वाचू नये हे डेसला माहीत होतं, पण पडद्यावर त्याने काढलेला फोटो दिसला आणि त्याच्यातला कलावंत जागा झाला.

तो एक गट होता. गटाचं नाव 'डॅग'. चौतीस पोरं. फोटोखाली हसरे चेहरे, मेंढ्यांची चित्रं, नाकाला लावलेल्या चिमट्यांची चित्रं. गट काढला होता इमोजेन स्ट्रॅटनने. इमोजेन पलीकडच्याच शेतावरची. दोघी रांगत्या वयापासून एकत्र.

"रोवीना!" डेस ओरडला. "अगं, अख्खी शाळा तिला डॅग म्हणते!"

रोवीना कोंबड्यांकडे गेली होती. डेसचा आनंद आवरेना. पोरीने घरातली माया वेशीपलीकडे नेली होती. त्याने जाड अंगठ्याने एक-एक अक्षर दाबत खाली लिहिलं: 'अस्सल डॅग आहे मी! सगळ्यांचे आभार.' आणि वर एक अंगठा दाखवला. फोन जागेवर ठेवला आणि कातरयंत्राला तेल घालायला निघून गेला.

दहा मिनिटांनी मार्नी आत आली. तिने फोन उचलला, बघितला आणि खाली बसली. खुर्चीवर नाही. टेबलाच्या पायापाशी, फरशीवर.

*

सोमवार आणि मंगळवार डेसला काही कळलं नाही. तो कामात होता, आणि कामात असलेल्या माणसाला न कळण्याचा परवाना असतो. बुधवारी माशीचं औषध संपलं म्हणून तो पिकअप घेऊन शहरात गेला. औषधाचे डबे घेऊन परत निघाला तेव्हा शाळेची जेवणाची सुट्टी झाली होती. रस्ता मैदानाला लागूनच जातो.

त्याने सवयीने कुंपणाआड बघितलं. तीस वर्षं तो कुंपणाआड बघतच आला होता.

पोरांचा कळप झाडाच्या सावलीत होता. आणि एक बाजूला, कुंपणाच्या कोपऱ्यात, भर उन्हात. मान खाली. एक पाय दुसऱ्या पोटरीवर घासत होती, मग आपटत होती.

डेसने ब्रेक दाबला. मागे डबे एकमेकांवर आदळले.

त्या आवाजाने मार्नीने मान वर केली. बापाला पाहिलं. आणि अगदी थोडी मान हलवली. ये म्हणून नाही. जा म्हणून.

सावलीतून कुणीतरी मेंढीसारखं ओरडलं. मग दुसरं. मग सगळीच.  माशीची मेंढी डेसला दोनशे पावलांवरून ओळखू यायची. ही त्याच्या टेबलावर रोज त्याच्यासमोर बसत होती.

उपमुख्याध्यापक प्रिंगल यांच्या खोलीत भिंतीभर एक चित्र होतं. त्यावर लिहिलं होतं: 'इथे दयाळूपणा राहतो.' प्रिंगल भला माणूस होता. त्याने डेसला पाणी दिलं.

"फोन सकाळीच पिशवीत घालून कुलूपबंद करतो आम्ही," तो म्हणाला. "त्यामुळे फोनवरून छळ आमच्या शाळेत होऊच शकत नाही."

"मग कुठे होतो?"

"बसमध्ये होत असेल."

"बस शाळेची ना?"

"बस कंत्राटदाराची."

"आणि मुलं?"

"फाटकाच्या आत आमची."

"आत्ता ती आतच ओरडत होती."

"मैदानावर आवाज होतोच हो. मार्नीने तक्रार केलेली नाही."

"मेंढीपण करत नाही," डेस म्हणाला.

प्रिंगलला ते समजलं नाही. त्याने एक फॉर्म दिला. चार पानी. पहिल्याच ओळीत छळाचा प्रकार निवडायचा होता. डेसने पेन धरलं. खूण दोन चौकोनांच्या मधोमध पडली. मग त्याला एकदम वाटलं की आपण इथे बसून वेळ घालवतोय. फॉर्म तसाच टाकून तो घरी निघाला, रोवीनाला सांगायला. पन्नास किलोमीटर त्याने कशी गाडी हाकली हे त्याला कधी आठवलं नाही. मुलीला सोबत घेऊन निघावं हे त्याला सुचलंच नाही. ते सुचलं घरी पोहोचल्यावर, आणि मग सुचायचं थांबेना.

*

चार वाजताच दोघं फाटकाशी जाऊन उभी राहिली. चार वीसला बस आली. दार उघडलं. आतून कुणीच उतरलं नाही.

"मार्नी कुठेय?" रोवीनाने विचारलं.

बस चालवणारी नोलीन साठीची बाई. तिने चष्मा कपाळावर सरकवला. "ती मागच्या फाटकाशी उतरली. तळ्यापाशी. म्हणाली, डॅड तिथे आहे."

"मी इथे आहे," डेस म्हणाला.

"ते दिसतंय मला." नोलीनचा चेहरा पांढरा पडला. ती मागे वळून पोरांना म्हणाली, "एकानेही तोंड उघडायचं नाही." मग हळू आवाजात, "डेस, आज हिच्या दप्तरात लेंड्या ओतल्या रे. बुटांत पण. मी गाडी थांबवली तोवर पायाखाली चिरडल्या होत्या. तिने एकदाही हूं की चूं केलं नाही. मला तेच आवडलं नाही."

डेस ऐकायला थांबला नव्हता. तो मोटरसायकलवर होता. रोवीना पिकअपमध्ये.

शेततळं त्या पावसाने काठोकाठ भरलेलं. चहासारखं पाणी, तळ दिसत नाही. काठ निसरडे. मेंढ्यासुद्धा एका बाजूनेच उतरतात. तळ्याच्या कुंपणावर शाळेचा स्कर्ट वाळत घातलेला होता. शेजारी पांढरा शर्ट. खाली बूट. दोन्ही बूट नीट शेजारी-शेजारी ठेवलेले.

डेसने हाक मारली. तोंडातून आली ती रोजचीच हाक. "डॅग! ए डॅग!" पाण्यावर एक बदक होतं, ते उडालं.

तो बुटांसकट पाण्यात शिरला. कमरेपर्यंत, छातीपर्यंत. हात पाण्याखाली फिरवत होता. गाळ, झाडाची फांदी, गाळ. काठावर रोवीना मुलीचा शर्ट दोन्ही हातांनी तोंडाशी धरून उभी होती आणि तिच्या घशातून एक बारीक आवाज येत होता. आपण तो काढतोय हे तिला ठाऊक नव्हतं. डेसने श्वास घेतला आणि बुडी मारली. डोळे उघडले. सगळं तांबडं. वर आला, खोकला, पुन्हा बुडी मारायला वाकला.

तेवढ्यात शंभर पावलांवरच्या शेडमधून घर्र आवाज आला.

कातरयंत्राची मोटर.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ते यंत्र काय करू शकतं हे दोघांना माहीत होतं. डेसच्या डाव्या हाताला साडेचार बोटं होती. रोवीना आधी पळाली. डेस पाण्यातून निघताना दोनदा पडला.

शेडच्या फळ्यांमधून उन्हाचे पट्टे आत आले होते. मार्नी डेसच्या जुन्या बनियनमध्ये उभी होती. ते बनियन तिच्या गुडघ्यापर्यंत येत होतं. एक वेणी जमिनीवर पडली होती. यंत्र डोक्यावर होतं. अर्धं डोकं मुळापर्यंत कातरलेलं, कानामागे रक्ताची एक रेघ. हात मात्र स्थिर होता. डेसने शिकवला होता तसाच, लांब, न थांबता.

"मार्नी," रोवीना दारातून म्हणाली. जवळ जायची तिची छाती होईना. तिने हात हलवला तर पोरीचा हात हलेल.

डेसने भिंतीवरची दोरी ओढली. मोटर थांबली. शेडमध्ये फक्त माशा ऐकू येऊ लागल्या.

"अजून झालं नाही, डॅड," मार्नी म्हणाली. "दिसतं तेवढ्यापाशी थांबायचं नाही, तूच म्हणतोस."

"काय करतेयस बाळा?"

"मला माशी लागलीये."

डेस तिच्यासमोर खाली बसला. त्याच्या कपड्यांतून पाणी गळत होतं, खाली थारोळं झालं. त्याने तिच्या मुठीतून यंत्र एक-एक बोट सोडवत काढून घेतलं. मग रोवीनाने पोरीला जवळ ओढलं. तेव्हा कुठे मार्नी रडली. मोठ्याने, नाक वाहेपर्यंत. डेसला आयुष्यात इतका सुंदर आवाज ऐकल्याचं आठवत नव्हतं.

*

उरलेले केस रोवीनाने कात्रीने सारखे केले. मार्नी खुर्चीवर बसली होती. डेस टेबलापाशी, तिचा फोन समोर घेऊन.

"काढून घेणार?" मार्नीने विचारलं.

"फोन? नाही."

"इमोजेनच्या डॅडला मारणार?"

"मनात आहे."

"नको. मग ते म्हणतील, बघा, जनावरंच आहेत."

डेसने फोन तिच्यापुढे सरकवला. "बरं. मग तू म्हणशील तसं. पण आधी मला सगळं दाखव. पहिल्यापासून."

तिने दाखवलं. तो वाचत गेला. चारशेच्या वर निरोप होते. वहीत तारीख, नाव, काय लिहिलं, असं रोवीना उतरवून घेत होती, आणि प्रत्येकाचा फोटो आपल्या फोनने काढत होती. मध्येच डेस थांबला.

"हे मी लिहिलंय."

"हो."

"तुला माहीत होतं?"

"'आभार' असं कोण लिहितं, डॅड? तूच लिहितोस." मार्नीने नाक पुसलं. "त्यांना वाटलं मीच. मग म्हणाले, आवडतं ना, मग आणून देऊ. आज लेंड्या आणल्या."

डेस उठून ओट्याकडे गेला आणि नळ सोडून नुसता उभा राहिला. पाठ फिरवूनच म्हणाला, "आधी काय करू, सांग."

"तुझा फोटो काढ तिथून."

त्याने काढला. एकाहत्तर अंगठ्यांसकट. मग त्या जागी त्याने लिहायला घेतलं. त्याला दीड तास लागला. लिहिलं ते इतकंच: 'मुलीचा फोटो तिला न विचारता टाकला. तो घेऊन तिला छळलं गेलं. मला दिसलं नाही. मी माशी ओळखतो म्हणून फुशारकी मारतो. तुमची पोरं कोपऱ्यात उभी राहतात का, जरा बघा.' पाठवायच्या आधी मार्नीला वाचायला दिलं. तिने 'फुशारकी'तला उकार नीट केला.

सकाळी मार्नी घरी राहिली, रोवीनाच्या आईला बोलावून घेतलं होतं. शाळेत ही दोघं गेली. आणि प्रिंगलच्या दाराबाहेर नोलीन बसलेली होती, मांडीवर बसची वही घेऊन. त्या वहीत कोण कुठे बसतं, कोण कधी चढतं, कुणी काय केलं, सगळं होतं. नोलीनने तीन आठवड्यांत दोनदा कंत्राटदाराला कळवलं होतं. कंत्राटदाराने शाळेला कळवा म्हटलं होतं.

प्रिंगलने वही वाचली, मग रोवीनाची वही वाचली. फॉर्मचा विषय त्याने काढला नाही. निम्म्यात त्याने चष्मा काढून ठेवला.

"बस..." तो म्हणाला.

"बस आमची नाही म्हणशील, तर मी ती आत्ता आणून तुझ्या फाटकाच्या आत उभी करते," नोलीन म्हणाली. "मग ती कुणाची?"

प्रिंगलने त्याच दिवशी चौतीस घरी फोन लावले. संध्याकाळपर्यंत त्याचा आवाज बसला होता. इमोजेनचा बाप ह्यू आधी म्हणाला, पोरं गंमत करतात. मग त्याला निरोप वाचून दाखवायला सुरुवात केली, आणि सहाव्यालाच तो पुरे म्हणाला. गट बंद झाला. दुसरा निघणार नाही असं कुणी लिहून दिलं नाही. ते कुणी देऊ शकत नव्हतं.

"मार्नीला तुझ्यामागच्या सीटवर बसव," डेस नोलीनला म्हणाला.

"ती का उठेल? तिची जागा तिची. माझ्यामागे मी दुसऱ्यांना बसवणार. आरशात मला त्यांची तोंडं बघायची आहेत."

*

मार्नी सोमवारी गेली. टोपी घालून. डेस फाटकापर्यंत सोबत आला. बस थांबली, ती पायरीवर चढली, आणि डेसच्या तोंडाशी रोजचा शब्द आला. पार दातांपर्यंत आला. त्याने तो गिळला. आमच्याकडे माशा तोंडात जातातच, गिळायची सवय असते.

"मार्नी," तो म्हणाला. ते नाव त्याच्या तोंडात नवीन बुटासारखं टोचलं.

तिने मागे वळून पाहिलं. "काय?"

"काही नाही."

दिवसभर तो बुडं कातरत होता. एकट्याने चाळीस. मान वर करून किती वेळा घड्याळ पाहिलं याचा हिशोब नाही. साडेतीनला तो फाटकाशी आला, हातात पाना घेऊन, बिजागरी दुरुस्त करायला. बिजागरी चांगली होती. त्याने ती खोलली, परत बसवली, परत खोलली. रोवीना व्हरांड्यात टॉवेलांच्या घड्या घालत होती.

चार वीस. चार बावीस. चार चोवीस.

वळणावर धूळ दिसली. बस आली. दार उघडलं, आणि क्षणभर पायरीवर कुणीच नव्हतं.

मग मार्नी उतरली. टोपी होती. दप्तर होतं. बस निघून गेली. ती बापाकडे आली नाही. चार पावलं बाजूला जाऊन कुंपणाशी उभी राहिली, मान खाली घातली, आणि पाय आपटला. एकदा. दोनदा.

डेसच्या हातातला पाना पडला.

"काय झालं?" आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "मार्नी? काय झालं?"

"बुटात खडा गेलाय," मार्नी म्हणाली.

ती कुंपणाला टेकली, बूट काढला, उलटा करून झटकला, परत घातला आणि घराकडे चालू लागली. "भूक लागलीये," ती जाता जाता म्हणाली.

ती व्हरांड्यापर्यंत पोहोचेस्तोवर डेस तिथेच उभा होता. मग तो वाकला. मातीत शोधून त्याने बुटातून पडलेलं ते उचललं, तळहातावर घेतलं, दोन बोटांत धरून जोर लावून दाबून पाहिलं.

खडाच होता.